निरंक

रकाना अकरावा : विधी क्षेत्रातील अनुभव.
कर्सर लुकलुकतो.
मनात आधी येतं : निरंक.
इंग्रजी अर्जात हा शब्द चालत नाही.

निरंक आमच्या बाबांच्या फायलीतला.
थकबाकी निरंक. बोजा निरंक. हरकती निरंक.
तिथं तो आला की त्या संध्याकाळी
घरात दुसऱ्यांदा चहा व्हायचा.
इथं तोच शब्द मान खाली घालून उभा राहतो.

हा सव्विसावा अर्ज.
आधीच्या पंचविसांतले एकोणीस गप्प.
पाच जणांनी एकच वाक्य पाठवलं,
स्वल्पविरामाच्या चुकीसकट एकसारखं.
आणि वाशीच्या एका वकिलांनी स्वतः फोन केला :
'घरात कुणी आहे का आपल्या लाइनीत? काका, मामा, सासरे?'
काका रिक्षा चालवतात. मामा खाडीत जाळं टाकतात.
सासरे अजून निरंक.
अनुभव कुठं मिळेल, मी विचारलं.
म्हणाले, कामावर.

घणसोलीच्या दातांच्या दवाखान्यात तीन वर्षं होते.
सकाळी साडेसातचं लॉ कॉलेज, दुपारपासून काउंटर.
पावत्या, तारखा, आ न करणारी पोरं.
दाढ काढायच्या संमतिपत्रावर सही घेण्याआधी
मी ते सगळं वाचून दाखवायचे, मराठी करून.
डॉक्टर गडदे म्हणायचे, कशाला एवढं, लोक घाबरतात.
घाबरायचे.
मग विचारायचे.
मग सही करायचे.

काल बेलापूरला बोलावलं. सेक्टर अकरा, चौथा मजला.
केळसकर मॅडम, चष्मा कपाळावर,
माझं एक पान दोनदा उलटून पाहत होत्या,
मागं काही असेल म्हणून.
'मूट कोर्ट?'
नाही.
'इंटर्नशिप?'
नाही.
'मग सुट्ट्यांत काय करायचात?'
त्यांच्या मागच्या काचेतून सिडको भवन दिसत होतं.

सुट्ट्यांत मी तिथं असायचे.
अकराव्या वर्षापासून,
बाबांच्या साडेबारा टक्क्यांच्या फायलीमागून,
सिमेंटच्या गोणीची शिवलेली पिशवी छातीशी धरून.
बाबांना सही येते, वाचता येत नाही.
'उपरोक्त विषयास अनुसरून' मला
शाळेतल्या कुठल्याही कवितेआधी पाठ झालं.
कुठल्या खिडकीवरचा माणूस जेवून आल्यावरच ऐकतो,
वारस दाखला हातात आला तरी वारस नोंद किती लांब असते,
सर्व्हे नंबर बरोबर आणि हिस्सा नंबर चुकलेला असला
तर तीन सख्खे भाऊ एका लग्नात
तीन वेगवेगळ्या पंगतींना कसे बसतात,
हे कुठल्या रकान्यात लिहितात?

'बाहेर काय बघताय?' मॅडमनी विचारलं.
'काही नाही,' मी म्हटलं.

पहिल्याच मुलाखतीत खोटी साक्ष.

'कळवतो,' म्हणाल्या.
हा शब्द मी ओळखते, त्याला तारीख नसते.
जिना उतरताना तिसऱ्या मजल्यावर थांबले,
परत वर जावं का?
वर जाऊन काय सांगू,
की मॅडम, जबानीत दुरुस्ती करायची आहे?
लिफ्टवाला मुलगा म्हणाला, ताई, खाली ना?
खाली.

बाबा ओट्यावर होते, पाय लांब करून.
नोकरी मिळाली का, विचारलं नाही.
पगार विचारला नाही. विचारलं एवढंच :
'आवक नंबर दिलान का गो बाय?'

अर्ज दिला की आवक नंबर घ्यायचा.
नंबर असला की कागद हरवत नाही,
हरवला तरी आपण हरत नाही,
हे त्यांचं चाळीस वर्षांचं कायद्याचं शिक्षण.

मोबाइल उघडला. आपोआप आलेलं उत्तर,
तळाला बारीक अक्षरांत संदर्भ क्रमांक.
दवाखान्याच्या जुन्या पावतीमागं तो मोठा करून लिहिला,
खाली तारीख घातली.
त्यांनी तो प्रकाशाकडं धरून आकडे मोजले,
नऊ,
आणि आत जाऊन पिशवीत ठेवला,
सगळ्यात वर.